बसच्या लेनमध्ये व्हॅन

"डबल द्या," असं म्हणून ड्रायव्हरकाका आरशात बघत बसायचे. गाडीतल्या कुणीतरी दोनदा पत्र्यावर ठोकल्याशिवाय व्हॅन जागची हलायची नाही. नवीन माणसाला काही कळायचं नाही. मग शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, काकूंनी, सांगायचं, "दोनदा ठोक गो बाय. कंडक्टर घंटी देतो ना, तशी. त्याबिगर ह्ये निघायचे न्हाईत."

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल असा एखादा माणूस, जो रिटायर झाला तरी नोकरीवरून उतरतच नाही. आमच्याकडे ते होते. भाईंदरच्या गोडदेवला, माझ्या समोरच्याच दारात. उभी हयात मुंबईत बस चालवली, मग लालबागची खोली विकून इकडे आले आणि आल्या आल्या एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचे. त्यांनाही ते आवडायचं.

व्हॅन घेण्यामागे एक कारण होतं. काकू पश्चिमेकडच्या मोरवा गावच्या. लग्न झालं तेव्हापासून नवऱ्याची ड्युटी ऐकत आलेल्या. गणपतीला ड्युटी, दिवाळीला ड्युटी, भावाच्या लग्नाला सुद्धा हा माणूस अक्षता पडल्यावर पोचला, तोही खाकी कपड्यांत. "रिटायर होऊ दे, मग तू म्हणशील तिथं नेईन," हे त्यांनी इतकी वर्षं सांगितलं की काकूंनी ऐकणंच सोडून दिलं होतं. पण त्यांनी शब्द पाळला बरं का. काकूंचे गुडघे तोवर कामातून गेलेले. रिक्षात चढायचं म्हणजे दोघांना हात द्यायला लागायचा. व्हॅनमध्ये मात्र त्या पुढच्या सीटवर ऐटीत बसायच्या आणि दर रविवारी मोरव्याला भावाकडे जायच्या.

काका गाडी चालवायचे झकास, पण व्हॅन नव्हे, बसच. एवढीशी गाडी डावीकडे वळवायची तर आधी उजवीकडे ही लांब बाहेर काढायचे. मागून रिक्षावाले बोंबलायचे, "अंकल, हाथी ले के निकले हो क्या?" काका खिडकीतून शांतपणे सांगायचे, "मागे बॉडी आहे अजून." मागे काही नव्हतं. मागे मी असायचे, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, हसू दाबत.

त्याच सुमारास आमच्या गावात नव्या बस सुरू झाल्या. पश्चिमेला स्टेशनबाहेर पिवळे पट्टे मारून एक लेन फक्त बससाठी ठेवली. दुसरी गाडी आत दिसली की दंड. आमच्याकडे नियम झाला की आठ दिवस सगळे पाळतात, मग हळूहळू विसरतात. पण तिथे एक हवालदार उभा असायचा. तरुण होता, खमक्या होता, आणि त्याला चहा पाजून काही उपयोग नव्हता.

पहिल्यांदा काका त्या लेनमध्ये शिरले तेव्हा आख्ख्या भाईंदरची करमणूक झाली. शिरले ते शिरले, वर थेट बसस्टॉपच्या खांबाला दार लावून उभे राहिले. रांगेतल्या दोन कोळणी पाट्यांसकट आत चढल्यासुद्धा. काकू ओरडतायत, "अगो उतरा, ही बस न्हाय!" आणि त्या म्हणतायत, "मग थांबवली कशाला?"

हवालदार आला. "काका, ही बसची लेन आहे."

"मग मी कुठे फुटपाथवर चढवली?"

हवालदारालाही हसू आलं, पण त्याने पावती फाडली. काकांनी दंड भरला आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. एवढ्या नोकरीत एक लाल शेरा नव्हता त्यांच्या नावावर. त्यांना ते फार लागलं होतं. आणि आम्ही मेले सगळे जिन्यात चेष्टा करतोय, "काका, आता पासच काढून घ्या!"

दुसऱ्यांदा तेच झालं. मात्र या वेळी शिटी वाजायच्या आधीच ते खाली उतरले, पाकीट उघडून हवालदारासमोर उभे राहिले. "चुकलं. हात आपोआप वळला. फाडा." काकूंनीच मला हे सांगितलं, कपडे वाळत घालता घालता. मी म्हटलं, काकू, असं सारखं सारखं झालं तर लायसन्स जाईल हो. तर म्हणाल्या, "दंडाचं काय न्हाय गो. चुकलं त्ये त्यांना कळतंय ना? कळतंय तवर मला घोर न्हाय."

म्हणजे घोर होता. काका एव्हाना माझं नाव विसरायला लागले होते. मला माझ्या आईच्या नावाने हाक मारायचे. दूध आणायला जायचे आणि गेटपाशी उभे राहायचे, कुठे निघालोय ते आठवत. डॉक्टर म्हणाले होते, वयाचं आहे, होतं असं. आम्हीही तेच म्हणायचो. पण गाडीवर बसले की सगळं ठीक असायचं. गिअर, ब्रेक, आरसा, कशात चूक नाही. स्टिअरिंगवर आहेत तोवर माझा माणूस शाबूत आहे, असं काकूंनी मनाशी धरलं होतं. म्हणून तर त्या रविवार चुकू द्यायच्या नाहीत, भावाकडे काम असो नसो.

त्या रविवारी मीही होते गाडीत. मला बाजारातून बोंबील आणायचे होते. पुलावरून उतरलो, स्टेशन आलं आणि व्हॅन सावकाश पिवळ्या पट्ट्याच्या आत गेली. खांबापाशी थांबली. मागून खरी बस आली आणि हॉर्न देत उभी राहिली.

हवालदार आला. तोच. "काय काका, परत?"

मी वाट बघत होते, आता म्हणतील चुकलं, फाडा. काका समोर बघत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"पुढे घ्या गाडी."

"नाही घेता येणार. माझी रिलीफ आलेली नाही अजून."

"काय?"

"रिलीफचा ड्रायव्हर आल्याशिवाय सीट सोडता येत नाही. तुम्ही नवीन आहात का?" समजावून सांगितल्यासारखं बोलले, जराही न चिडता.

मला वाटलं गंमत करतायत. मी तर हसलेसुद्धा. मग काकूंचा चेहरा दिसला.

हवालदाराने काकांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. पावतीबुक बगलेत धरलं. "राहू द्या मावशी. घरी न्या त्यांना."

काकू दार उघडून खाली उतरल्या. त्या गुडघ्यांनी, कुणाचा हात न घेता. गाडीला वळसा घालून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "राहू द्या कसं? पावती फाडा."

"अहो जाऊ द्या..."

"जाऊ द्या न्हाय! नियम हाय ना? मोडलाय त्यांनी. मागं दोनदा घेतलात दंड, मग आजच काय झालं?"

"मावशी, त्यांना बरं नाहीये."

"कोण म्हणतं बरं न्हाय? चुकलेत त्ये. माणूस चुकतो. दंड घ्या हो. पाया पडते तुमच्या, दंड घ्या."

त्या कोपऱ्यावर मी लोकांना दंड चुकवायला हातापाया पडताना पाहिलंय, साहेबांची ओळख सांगताना पाहिलंय, रडताना पाहिलंय. दंड लावा म्हणून रडणारी बाई तेवढी एकच. मला मेलीला सुद्धा कळायला वेळ लागला. चुकणाऱ्याला दंड होतो. हवालदाराने पावतीबुक बगलेत धरलं तेव्हाच काकांना चुकणाऱ्या माणसांतून काढून टाकलं होतं, आणि ते भर रस्त्यात, परक्याकडून, काकूंना ऐकवत नव्हतं. रांगेतले लोक बघत होते. मला त्या सगळ्यांचा राग आला.

शेवटी हवालदाराने पावती फाडली. लिहिताना त्याने मान वर केली नाही.

पण गाडी काही हलेना. मागच्या बसचा ड्रायव्हर तणतणत खाली आला. "अरे काय तमाशा चाललाय?" हवालदार त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. मग ड्रायव्हरने खाकी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि तो खिडकीशी आला.

"राम राम काका. मी रिलीफ. उतरा तुम्ही."

काकांनी त्याच्या कपड्यांकडे पाहिलं. "उशीर केलास."

"काशीमीऱ्याला ट्रकांची लाइन होती."

"बरं. ब्रेक जरा लांब लागतो हिचा. वळताना मागे लक्ष ठेव." सीटवरचा नॅपकिन उचलून त्यांनी स्टिअरिंग पुसलं, घडी घातली, खांद्यावर टाकला आणि उतरले. त्या भल्या माणसाने व्हॅन बाजूला लावली, चावी माझ्या हातात दिली आणि आपल्या बसकडे पळाला. त्याचे पॅसेंजर शिव्या घालत होते. आम्ही रिक्षाने घरी आलो. काकूंना आत घ्यायला काकांनीच हात दिला.

आम्हाला धास्ती होती, उद्या चावी मागतील, आदळआपट करतील. त्यांनी चावी कधी मागितलीच नाही. खाली व्हॅन उभी असायची, तिच्याकडे ते दुसऱ्याच्या गाडीकडे बघावं तसं बघायचे. चार्ज दिला होता ना! खुर्ची टाकून गॅलरीत बसायचे. त्यांना इतकं निवांत मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

काशीमीऱ्याचा एक गॅरेजवाला विकलेली व्हॅन न्यायला आला त्या दिवशी काकू गॅलरीचा कठडा धरून रडत होत्या. मी शेजारी होते. काका म्हणाले, "अगं, रडतेस कशाला? सुटलो ना मी आता. आता ड्युटी नाही, काही नाही. सांग, कुठे नेऊ तुला?"

खाली व्हॅन गेटातून बाहेर पडत होती.

"सांगते हां," काकू म्हणाल्या. "उद्या सांगते."

रोज विचारायचे म्हणे. पुढच्या होळीच्या आधी ते गेले, झोपेतच. फार त्रास झाला नाही त्यांना.

दिवसकार्य झाल्यावर काकूंचा भाचा त्यांना मोरव्याला न्यायला आला, स्वतःची गाडी घेऊन. त्याने पुढचं दार उघडून धरलं. "आत्या, पुढं बस. पाय लांब करता येतील."

"न्हाय. मागं बसते मी."

"अगं, मागं गुडघे दुखतील."

"दुखू देत."

मी त्यांना आत बसवलं, पदर आत घेतला, पिशवी मांडीवर ठेवली. माझा हात काही त्या सोडेनात. हळूच म्हणाल्या, "पुढं बसलं की मान उजवीकडंच वळते गो माझी. तिथं दुसरं कोण बसलेलं मला बघवायचं न्हाय."

मग त्यांनी हात सोडला आणि मी दार लावलं.