खुर्चीवरचं वर्तमानपत्र

१९९९ साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अहमदनगरच्या एका खासगी संगणक संस्थेत मला सर्व्हरच्या खोलीच्या दारात थांबवण्यात आलं. त्या सर्व्हरवरचा प्रोग्रॅम मी सांभाळत होतो.

संस्थेचे धडे टेलिफोनच्या तारेवरून जिल्ह्यातल्या राहुरी, जामखेड आणि अकोल्याच्या केंद्रांवर जात. मुलं तिथे बसून धडे वाचत, परीक्षा देत. धडा अडकला की दुरुस्ती माझी. तो लवकर उघडावा म्हणून प्रोग्रॅमचे भाग पुन्हा लिहिणंही माझंच. हे सगळं मी आतल्या एकाच खुर्चीत बसून करत होतो.

खंडेनवमीला सर्व्हरची पूजा करायचं ठरलं. मी संस्थाचालकांना आधीच सांगितलं होतं, "सर, मशीन बंद करण्याआधी मला बोलवा. आधी प्रोग्रॅम थांबवावा लागतो."

पूजेसाठी सरांच्या आई गावाहून आल्या होत्या. व्हरांड्यात त्यांनी मला विचारलं, "आडनाव काय रं तुजं?"

मी सांगितलं. त्या आत गेल्या. थोड्या वेळाने सरांचा भाचा मंदार बाहेर आला. म्हणाला, "तू जा घरी. आज घरच्यांचीच पूजा आहे."

मी गेलो. त्यांनी चालू मशीनचं बटण बंद केलं आणि हळदकुंकू वाहिलं. प्रोग्रॅम थांबवला नव्हता. दसरा झाल्यावर मशीन सुरू केलं तेव्हा धड्यांची अनुक्रमणिका मोडली होती. एकही धडा उघडेना. मग मला बोलावणं आलं.

दारात सर उभे होते. "आईची पूजा अजून उचललेली नाही. तू इथूनच सांग. मंदार टाइप करेल."

मी सांगितलं. उंबऱ्याबाहेर उभं राहून, एकेक ओळ. मला पडदा दिसत नव्हता. मंदार मध्येच चुकायचा आणि हसायचा. "हळू रे, शाळेत मास्तरसुद्धा एवढं बोलत नव्हते." अनुक्रमणिका आणखी बिघडली.

टेबलावरचा फोन वाजला. सरांनी तो उचलून तार ताणली आणि रिसीव्हर माझ्या कानाजवळ धरला. हातात दिला नाही. अकोल्याच्या केंद्रावरची एक मुलगी बोलत होती.

"सर, परीक्षा उघडंना. मी पहाटंच्या जीपनं आलेय. आज न्हाई झाली तर घरचे परत सोडायचे न्हाईत."

"थांब, करतो," मी म्हणालो.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग भाच्याला म्हणाले, "मंदार, खुर्चीवर पेपर टाक. बसू दे त्याला."

मंदारने कालचं वर्तमानपत्र उलगडून खुर्चीवर पसरलं. एक पान की-बोर्डखालीही सरकवलं.

काम थोड्या वेळाचं होतं. मुलगी फोनवर थांबली होती. मी आत गेलो. खुर्चीपर्यंत गेलो. वर्तमानपत्र उचललं, घडी घातली, टेबलावर ठेवलं.

"सर, मी असा बसतो."

"आता वेळ काय, तुझं चाललंय काय? पोरगी खोळंबलीय तिकडं."

"म्हणूनच म्हणतो. बसू द्या."

मंदारने घडी उलगडली आणि पुन्हा खुर्चीवर टाकली.

मी बसलो नाही. त्या दिवशी अकोल्यात परीक्षा झाली नाही. त्या मुलीचं नाव मी विचारलं नव्हतं. पुढे ती केंद्रावर आली की नाही, हे मला कळलं नाही.

संध्याकाळी मला कामावरून काढल्याचं सांगण्यात आलं. त्या रात्री मी ठरवलं. दारातून एक ओळही सांगायची नाही. कुणालाच नाही.

चार दिवसांनी माझी पुस्तकं आणायला गेलो. पुण्याहून बोलावलेला माणूस त्याच खुर्चीत बसला होता. खुर्चीवर वर्तमानपत्र नव्हतं. मला पाहून तो म्हणाला, "हे तुम्हीच लिहिलंय ना? अनुक्रमणिका धड्यांना कशी जोडलीय, जरा सांगता?"

मी उंबऱ्याबाहेर होतो.

"आत बसून सांगेन," मी म्हणालो.

त्याने सरांकडे पाहिलं. सरांनी दार लावून घेतलं.