शेजारचा डावा गुडघा

देवानं सगळ्यांना दोन गुडघे दिले, पण अमिरातीतल्या अल ऐनला आमच्या शेजारी राहणाऱ्या स्कॉटिश फुटबॉलवाल्याला एकच दिला होता, डावा; आणि त्याची देखभाल करायला सव्वासहा फुटांचा, तांबड्या केसांचा, बावीस वर्षांचा माणूस जोडून दिला होता. इथल्या एका क्लबात तो मोठ्या हौसेनं आला, तिसऱ्याच सामन्यात त्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, आणि दोन ऑपरेशनं होऊन सव्वा वर्ष उलटलं तरी तो मैदानाबाहेरच होता. लिफ्टमध्ये शिरताना आधी उजवा पाय, मग भिंतीला हात, मग डावा पाय, असा त्याचा गृहप्रवेश चाले. तोवर मागे अख्खी बिल्डिंग खोळंबे. आमच्याकडे जेवायला आला की गुडघ्याला वेगळी खुर्ची आणि तिच्यावर उशी. आमची मुलगी गंभीरपणे विचारी, "बाबा, शुड आय सर्व्ह द नी फर्स्ट?" भेटेल त्याचं तो गुडघ्याबद्दल मत घेई: किराणावाला, टॅक्सीवाला, वॉचमन. उत्तर एकच येई: इन्शाल्ला, देवाची मर्जी असेल तेव्हा. एकदा काकुळतीला येऊन मला म्हणाला, "आमच्याकडे डॉक्टर सहा महिने सांगतात. इथे सगळे इन्शाल्ला म्हणतात. ते सहा महिन्यांपेक्षा जास्त की कमी?" मी इथे वीस वर्षं काढलीत, आणि मलाही ते ठाऊक नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

त्याचा करार संपत आला, तेव्हा क्लबच्या पाकिस्तानी डॉक्टरनं तपासणी ठेवली. पास झाला तर नवा करार, नाहीतर खलास, परत घरी. आदल्या संध्याकाळी तो आमच्याकडे बसला होता आणि चहा असा ढवळत होता, की कपात कमी, बशीत जास्त. "वहिनी, थोडं दुखल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. सगळे म्हणतात म्हणून तोही माझ्या बायकोला वहिनीच म्हणे. आता आमच्या घरात कुणी 'दुखतंय' म्हणावं आणि हळद गरम होऊ नये, असं आजवर घडलेलं नाही. हिनं हळद-मिठाचा बोटभर जाड लेप थापला, वर माझं जुनं धोतर गुंडाळलं आणि फर्मावलं, "सकाळपर्यंत सोडायचं नाही."

सकाळी मीच त्याला गाडीतून नेलं. डॉक्टरनं पँट वर करायला सांगितली, आणि लख्ख गोऱ्या पायावर गुडघा झेंडूसारखा पिवळाधमक. डॉक्टरचा चेहरा उतरला. "हा जुना मुका मार आहे. कधी पडलास? लपवलंस का?" पोरगा पांढराफटक पडला. मी पुढे झालो. "डॉक्टरसाब, गिरा नहीं है. मेरी बीवी ने किया है." यानं परिस्थिती सुधारली नाही. शेवटी डॉक्टरनं स्पिरिटचा बोळा फिरवला, तो पिवळा झाला, त्यानं तो हुंगला, हळद ओळखली आणि बोळा कचऱ्यात टाकला. मग म्हणाला, "यल्ला, मैदानावर चला."

सरळ तो हरणासारखा पळाला. पण डॉक्टर म्हणे, आता डाव्या पायावर वळ, की हा थांबे. चार वेळा सांगितलं, चार वेळा थांबला. परतताना गाडीत तो हळूच म्हणाला, "डॉक्टर म्हणतात गुडघा बरा झालाय. घाबरलाय तो मीच. त्याला औषध नाही म्हणाले. आणि नवा करारही नाही."

बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत सुट्टीचे कामगार फुटबॉल खेळत होते. आम्ही उतरतो तोच चेंडू घरंगळत नेमका त्याच्या पायाशी आला. "भाई, मारना जरा," कुणीतरी ओरडलं. तो चेंडूकडे पाहत उभा राहिला. मग सावकाश वाकला, चेंडू दोन्ही हातांनी उचलला, त्याच्यावरची वाळू झटकली आणि चालत जाऊन त्यांच्या हातात दिला. मी गाडीचं दार नीट लागलंय की नाही ते पुन्हा पुन्हा बघत राहिलो.