सासूबाईंचं कुंकू आणि उसाचं मेण

एकाच दुपारी माझ्या सासूबाईंच्या कपाळावरचं कुंकू पाच वेळा गळून पडलं, आणि पाचही वेळा सासरे ठणठणीत जिवंत होते.

पण त्यांचाच त्यावर विश्वास बसेना! कुंकू पडलं की ते हातातली भाकरी ठेवून स्वतःची नाडी बघायचे. झालं होतं असं की मठातल्या स्वामींनी प्रवचनात सांगितलं, धूर देऊन मधमाश्या मारतात तेव्हा कुठं मेण मिळतं. त्या काळी आम्ही बायका कपाळाला आधी मेणाचं बोट लावायचो आणि मग त्यावर कुंकू. सासूबाईंनी घरी येताच मेणाची डबी उकिरड्यावर फेकली. फाल्गुनातला घाम, मग कुंकू थांबतंय कशाला?

त्यातच चार दिवसांनी माझ्या नणंदेला, गंगूला, बघायला लोहाऱ्याहून मुलाची आई येणार होती. मुलगा निजामाच्या कचेरीत कारकून. असलं स्थळ आमच्या बेंबळीत रोज येत नसे.

"त्या बाईम्होरं माझं कुंकू पडलं, तर पोरीचं लगीन मोडलंच म्हणा!" सासूबाई रडकुंडीला आल्या.

मी चार इयत्ता शिकलेली. (त्याचा माज होताच.) म्हणाले, "आत्याबाई, मेण काय माश्याच करत्यात व्हय? उसाच्या कांड्यावर पांढरं दिसतंय न्हाय का, ते मेणच असतंय!"

सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी दोन मोळ्या ऊस आणला आणि विळा घेऊन खरवडायला बसले. "सूनबाई, माझ्या जिवाचा सवाल हाय!" तीन दिवस खरवडून, वितळवून, गाळून मेण निघालं नखाएवढं! ऊस मात्र घरादारानं इतका खाल्ला की सगळ्यांच्या जिभा सोलल्या.

मग ते वाढवायला मी (हीच ती हुशारी!) त्यात चिकट राळ आणि एरंडेल घालून कढवलं. सासूबाईंना लावलं, मलाही कपाळभर लावलं. दोघींनी देवी अंगात आल्यागत माना हलवल्या. कुंकू जागचं हललं नाही!

पाहुणी आली. गंगूनं खाली मान घालून शिरा दिला. सासूबाई ऐटीत म्हणाल्या, "सूनबाई, पाव्हणीला कुंकू लाव. आपल्या मेणावर!" मी सढळ हातानं पार भुवईपर्यंत मेण फासलं आणि वर रुपयाएवढं कुंकू लावलं. थोड्या वेळानं पाहुणीनं पदरानं घाम टिपला. पदर कपाळाला गेला तो तिथंच राहिला.

"अगं बया! ह्ये काय झालं?"

"काय न्हाय, काय न्हाय!" म्हणत सासूबाईंनी पदर एका बाजूनं ओढला, मी दुसऱ्या बाजूनं.

बाहेरून सासरे घाबरून ओरडले, "कुंकू पडलं का गं?"

"न्हाय!" आम्ही तिघी एकदम ओरडलो. "निघतच न्हाय!"

शेवटी कोमट तेल लावून पदर सुटला, पण अर्धी भुवई घेऊन. पाहुणीनं आरसा मागितला. आत गंगू हुंदके देत होती, आणि मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. पाहुणीनं आरशात बघत कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून पाहिलं.

"आमचं मालक सहा महिने झालं हातरुणावर हायत," ती हळूच म्हणाली. "भुवई जाऊ दे, बाई. कुंकू जाग्यावर हाय. अशा घरची लेक मला पायजे."

सासूबाईंनी तिला मिठीच मारली. (कपाळं लांब ठेवून!)

सासूबाई शहाण्या. आठ दिवस तेल चोळून त्यांनी आपलं मेण उतरवलं. मला दम कुठला? मी ओढलं! गंगूच्या लग्नात मी दोन्ही भुवया काजळानं रेखून मिरवत होते. अक्षता पडेपर्यंत घामानं त्या गालांवर उतरल्या.

सासरे माझ्याकडं बघत जवळ आले आणि काळजीनं म्हणाले, "सूनबाई, काजळ टिकंना व्हय? ऊस आणू का?"