सरकलेली ओळ

अंबडच्या शाळेत निकाल लागायचा तो मिथुन सरांच्या नजरेखालून गेल्यावरच. मार्कांच्या यादीत एखादी ओळ खाली सरकली, की एकाचे मार्क दुसऱ्याच्या नावावर चढतात. ती ओळ सर चहा पिता पिता पकडायचे. गणितात एम.एस्सी. केली, संशोधनाची हौस होती, आणि वाट्याला आली ही कीर्ती.

संशोधन केलं ते सुमेधानं. सख्ख्या चुलत्याची पोर, मिथुनहून सहा वर्षांनी लहान. दहावी-बारावीचं गणित तिला यानंच घोटून घेतलेलं. आता ती पुण्यात कृष्णविवरांवर पीएचडी करत होती आणि मिथुनची आई, सुमेधाची मोठी माय चांगुणाबाई, गल्लीभर सांगत फिरायची, "आमची सुमेधा आभाळातल्या काळ्या भोकाचं गणित सोडवून राह्यली." ते 'आमची' ऐकलं की मिथुनच्या पोटात दुखायचं. उगाच सभ्यपणा कशाला? चांगला जळायचा तो तिच्यावर.

मार्चमध्ये तिचा फोन आला. "दादा, एक तक्ता पाठवून राह्यले. जल्दी नजर टाक. सोमवारी माझ्या गाईड सरांपुढं मांडायचाय."

काम असं होतं. एकमेकांभोवती फिरणारी दोन कृष्णविवरं काळानुसार कशी बदलत जातात, हे तिनं संगणकावर दोनदा मोजलं होतं. दुसऱ्या वेळी सुरुवातीला फक्त केसभर फरक ठेवला. केओस थिअरी सांगते, की असा केसभर फरक कधीकधी वाढत वाढत पुढचं सगळंच बदलून टाकतो. तो किती वेगानं वाढतो, तेच तिला शोधायचं होतं. म्हणून दोन रकान्यांत दोन्ही वेळचे आकडे आणि तिसऱ्यात त्यांची वजाबाकी.

शनिवारी शाळा सुटल्यावर मिथुन तक्ता घेऊन बसला. दोनशे बाराव्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. दुसऱ्या रकान्यात तीच ओळ दोनदा पडली होती आणि तिथून खालचं सगळं एक घर सरकलं होतं. म्हणजे पुढची वजाबाकी एकाच क्षणाच्या आकड्यांची नव्हतीच. फरक झपाट्यानं वाढताना दिसत होता, पण त्यात कृष्णविवरांचा काही हात नव्हता.

त्याला इतका आनंद झाला, की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. पडू दे एकदा तोंडावर, कळेल मोठ्या शास्त्रज्ञीणबाईंना, असं म्हणून त्यानं 'तक्ता बराबर आहे' एवढंच लिहून पाठवलं. लगेच उत्तर आलं, 'तू पाह्यलंस, मंग मी निवांत.'

रविवारी मात्र त्याला चैन पडेना. दुपारी सांगून टाकावं म्हणून त्यानं फोन हातात घेतलाही. तेवढ्यात भाकरी थापता थापता आई म्हणाली, "सुमेधासारखं डोकं आपल्या घरात दुसरं न्हाई." त्यानं फोन खाली ठेवला.

सोमवारी संध्याकाळी सुमेधाचाच फोन आला. "दादा, तक्त्यात एक ओळ सरकली होती. मांडता मांडता मलाच दिसली. तिथंच सांगून टाकलं. सर काही रागावले न्हाईत." मग तिचा आवाज हळू झाला. "सर म्हणून राह्यले होते, आकडे तपासायला बारीक नजरेचा माणूस सोबत घेऊ. मी तुझं नाव सांगणार होते. पण तुझ्या नजरेतून सुटलं म्हणजे... दादा, तुला धूसर दिसतं का?"

दिसली होती, म्हणावं, तर बेइमान ठरायचं. न्हाई म्हणावं, तर आंधळा. जन्मभर हवं होतं ते काम दारापर्यंत येऊन परत चाललं होतं.

"हो," मिथुन म्हणाला, "हल्ली जरा धूसर दिसतं."

"राहू दे मंग. आधी डोळे दाखव. मोठ्या मायला सांगते मी."

तिनं खरंच सांगितलं, सरकलेल्या ओळीसकट. गुरुवारी चांगुणाबाईनं रजा टाकायला लावून त्याला जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. भिंतीवरची सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक ओळ मिथुननं घडाघडा वाचली.

"एकदम उत्तम नजर आहे," डॉक्टर म्हणाले. "चष्म्याची बिलकुल गरज नाही."

चांगुणाबाईनं आधी डॉक्टरकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"मंग पोरीची ओळ दिसली कशी न्हाई रे तुला?"