पूर्ण नाव वाचणारा इनास

पगार पाठवायच्या दिवशी इनास कुणाशी बोलायचा नाही. कपाळावरचा चष्मा खाली घ्यायचा, ताठ बसायचा आणि प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव मोठ्याने वाचून मगच बटण दाबायचा. सहाच तर माणसं! त्याची मुलगी हसायची, "डॅड, धिस इज नॉट मास, यू आर नॉट इन चर्च." तो म्हणायचा, "मास नाही तर काय? माणूस महिनाभर राबलाय. त्याचं नाव तरी तोंडातून जाऊ दे."

इनास वसईचा. ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये त्याचं घरांचे नकाशे काढून देण्याचं छोटं ऑफिस होतं. मी त्याच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी, शिक्षण जेमतेम मॅट्रिक. संगणक अठ्ठावन्नाव्या वर्षी लायब्ररीत बसून माझी मीच शिकले. घरात बसून कंटाळले म्हणून कामाला ठेवतोस का विचारायला गेले, तर हा म्हणाला, "मावशी, चहा करायला येणार असाल तर नको. कागद लावायला येणार असाल तर या. पगार घ्यावा लागेल, रजा घ्यावी लागेल." म्हटलं, "अरे, पैसे असेच रोख हातावर दिलेस तरी चालतील." त्याने कानाला हात लावले. "हातावर नाही. कागदावर नसलेला माणूस आजारी पडला की कुणाचाच नसतो." हे वाक्य त्याच्या तोंडून मी शंभरदा ऐकलं असेल. तेव्हा वाटायचं, काय हा माणूस कागदांचा वेडा!

आमच्याकडे समीर होता, चिपळूणचा. हात असा की त्याने काढलेल्या घरात राहायला जावंसं वाटे. तो स्वतःच्या लग्नाला गावी गेला, तीन आठवड्यांची रजा टाकून, आणि करोना आला. ऑस्ट्रेलियाने दारं लावून घेतली. समीर टेम्पररी व्हिसावर, त्यामुळे तिकडेच अडकला. काम तसं कुठूनही होण्यासारखं. चिपळूणला खिडकीशी टेबल लावून तो नकाशे काढू लागला. मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि मधूनच त्याची सायली चहा ठेवून जाताना बांगड्यांचा आवाज.

आता याला पगार कसा द्यायचा? समीर फोनवर म्हणाला, "अंकल, सरळ माझ्या खात्यात टाका ना. कोण बघतंय?"

"कोण बघत नाही म्हणून तू कमी माणूस झालास का?" इनास म्हणाला. "तू तिथे राहतोस, तिथे काम करतोस. मग कर तिथला, कायदा तिथला. इथे मी तुझ्या निवृत्तीसाठी सुपर भरत होतो, तिथे पीएफ भरायला हवा. तू तिकडे गेलास म्हणून तुझं म्हातारपण इकडे राहिलं का?"

भारतात आमची कंपनी नव्हती. मग याने पुण्यातली एक कंपनी शोधली. ती परक्या देशातल्या मालकांची माणसं आपल्या पटावर कायदेशीर ठेवते. मालक तिला पैसे पाठवतो, ती तिथला कर, पीएफ, विमा सगळं भरून माणसाला पगार देते. वर तिची फी. इनासची बायको रिटा वैतागली होती, "इथे कामं बंद पडतायत नि हा खर्च वाढवतोय!" समीरही कुरकुरला, हातात कमी येतं म्हणून. इनासने ऐकून घेतलं आणि करायचं ते केलं.

एकच कागद राहिला. वारसाचा. पीएफमध्ये मागे कुणाला मिळावं, ते नाव लिहायचं. समीरने सायलीचं लिहायचं, बस्स. पण त्याची आई म्हणाली, घरात नवी सून आलीय, असलं अभद्र काही लिहू नकोस. तो टाळत राहिला. इनास दर शुक्रवारी विचारी, "समीर, नाव?" समीर म्हणे, "अंकल, मला मारायची घाई झालीय का तुम्हाला?" आम्ही सगळे हसायचो. इनास हसायचा नाही. म्हणायचा, "अरे, मरणाचा नाही तो कागद, बायकोचा आहे."

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलात तिकडून रोजच वाईट बातम्या येत होत्या. समीरला ताप आला. त्या शुक्रवारी इनास मला म्हणाला, "मावशी, तुमचं तो ऐकतो. आज काहीही करून नाव घ्या." मी फोन लावला. तो सारखा खोकत होता. अशा माणसाला विचारायचं, तुझ्यामागे कोण? "मावशी, पुढच्या आठवड्यात नक्की," तो म्हणाला. मी म्हटलं, "असू दे रे बाळा, आधी बरा हो." आणि इनासला सांगितलं, "पाठवतो म्हणालाय आज. तू नको आता फोन करूस, दमलाय तो."

इनासने माझ्यावर विश्वास ठेवला.

तापाच्या अकराव्या दिवशी समीर गेला. एकतीस वर्षांचा.

नाव नसलं तरी बायकोचा हक्क जात नाही, पण ती बायको आहे हे सिद्ध करावं लागतं. लग्नाची नोंदणी लॉकडाऊनमध्ये राहून गेलेली. आधारवर सायलीचं माहेरचं नाव. ती पोर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहिली. कुठे दार बंद, कुठे साहेब आजारी. इकडे ब्रिस्बेनला दुपारचे तीन वाजले की तिकडे कचेऱ्या उघडतात. इनास रोज तीनला फोन घेऊन बसायचा, मी शेजारी वही घेऊन. पुण्याला फोन, चिपळूणला फोन, लग्न लावणाऱ्या गुरुजींना फोन. तो माझ्यावर एकदाही ओरडला नाही. 'तो कागद का आला नाही?' हेही त्याने विचारलं नाही. मला वाटायचं, विचारावं याने एकदा, म्हणजे मी रडून मोकळी होईन. तो फक्त म्हणायचा, "मावशी, पुढचा नंबर सांगा."

सात महिन्यांनी पीएफमार्फत सायलीचं पेन्शन सुरू झालं. त्या दिवशी इनासने तिचं पूर्ण नाव वाचलं, नवऱ्याच्या नावासकट. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसला.

जानेवारीत इनास गेला. सकाळी बागेला पाणी घालताना छातीत कळ आली, पाइप हातातच राहिला. मला तेव्हाच करोना झालेला, मी खोलीत कोंडलेली. त्याच्या अंत्यविधीचं मास मी फोनवर पाहिलं. बाजूच्या चौकोनात चिपळूणहून सायली होती, डोक्यावर पदर घेऊन.

महिन्याने रिटाने मला त्याचं कपाट आवरायला बोलावलं. समीरच्या फाइलीत पुण्याच्या कंपनीला पाठवलेल्या एका पत्राची प्रत होती. वारसाचं नाव वेळेवर का आलं नाही, हे त्यांनी विचारलं होतं. इनासने लिहिलं होतं, 'ही चूक सर्वस्वी माझी. त्या शुक्रवारी मी स्वतः फोन करायला हवा होता.' खाली त्याची सही.

दुपारचे तीन वाजले होते. सवयीने मी चिपळूणला फोन लावला. "सायली, तुला एक सांगायचंय गं. त्या शुक्रवारी मी..."

"माहीत आहे, मावशी," ती म्हणाली. "फोन स्पीकरवर होता. मी त्याच्या पायाशी बसले होते."

मी हातातलं पत्र खाली ठेवलं.

"अंकलना मीच सांगितलं होतं, समीर गेला तेव्हाच. रागात सांगितलं. म्हटलं, तुमच्या मावशींनी विचारलंच नाही."

"मग? काय म्हणाला तो?"

"म्हणाले, त्यांना काही बोलू नकोस. त्या रोज तीनला माझ्या शेजारी येऊन बसतात."