झुडपाखालची माती

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. नागपुरातल्या एका माती-तपासणीच्या प्रयोगशाळेत मी हंगामी मदतनीस होतो, आणि कायम होण्याची ऑर्डर कुठल्याशा टेबलावर अडकली होती. त्या दिवसांत साहेब नुसते खाकरले तरी मी खुर्चीवरून उठून उभा राहायचो.

मे महिन्यात राजस्थानच्या वाळवंटातून दोन पिशव्या आल्या. एकीत झुडपाखालची माती, दुसरीत उघड्या जागेवरची. तिथले लोक झुडपं तोडून नांगर घालायला निघाले होते. झुडूप जमीन धरून ठेवतं की नाही, ते या मातीवरून कळणार होतं. आलेली माती कितीही कोरडी असो, आठवडाभर खोलीत पसरून ठेवायची असा नियम. वाळवंटाची माती, आणि म्हणे नागपूरच्या मे महिन्यात वाळवा! पण खोली कुहीकडच्या उन्हाळी धानाच्या बांध्यांतल्या ओल्या चिखलानं भरलेली. मी शहाणपणा केला. दोन्ही माती अंगणात निंबाखाली एकाच ताडपत्रीवर पसरल्या, चिठ्ठ्या खोचल्या आणि चहाला गेलो.

झाडलोटीला रोजीवर असलेली मावशी पाच वाजता अंगणात पाणी मारायची. मला हे पक्कं ठाऊक होतं. तिला सांगायचं तेवढं राहून गेलं.

परतलो तर दोन्ही माती एकमेकींत वाहून गेलेल्या. चिठ्ठ्यांवर नुसती पसरलेली निळी शाई.

"लय धूळ उडून राहिली होती ना गा, म्हणून त्या मातीवरबी मारलं," मावशी म्हणाली. मग माझा चेहरा पाहून घाबरली. "काहून, काही बिघडलं का?"

तेवढ्यात साहेब बाहेर आले. त्यांनी ताडपत्रीकडे पाहिलं.

"पाणी कोणी टाकलं?"

माती बाहेर कोणी आणली, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर माझी ऑर्डर गेलीच होती.

"मी टाकलं, साहेब," मावशी म्हणाली. "त्या पोराले काही म्हणू नका."

मी ब्रसुद्धा काढला नाही. लाज वाटते, पण नाही काढला.

"उद्यापासून येऊ नको," साहेब तिला म्हणाले. त्या मातीचा अहवाल कधी गेला नाही. तिकडच्या झुडपांचं काय झालं, देव जाणे.

मावशीनं बादली पालथी घातली, पायात चप्पल सरकवली. फाटकाशी थांबून मला म्हणाली, "तुही ऑर्डर आली का सांगजो बरं."

ऑर्डर जूनमध्ये आली. मी सांगायला गेलो नाही.