व्हॉल्व्हचं कमळ

अंधेरीच्या आमच्या चाळीत, कंपनीत आणि आसपासच्या दोन-चार गल्ल्यांत मी मखरवाला म्हणून प्रसिद्ध होतो. थर्माकोल नुकताच लोकांच्या हाती लागला होता. गरम तारेने मी त्याचे मोर कापायचो, कमानी कापायचो. एका वर्षी तर गणपतीच्या मागे अख्खा धबधबा उभा केला आणि त्याच्या आड टेबलफॅन ठेवून, पंख्याला कागदाच्या पट्ट्या बांधून पाणी पडल्याचा आवाजही काढला. लोक आधी गणपतीला नमस्कार करायचे आणि मग माझ्याकडे बघून मान डोलवायचे. त्या मान डोलवण्याची मला चटक लागली होती. कुठे चार वस्तू पसरलेल्या दिसल्या की माझे हात शिवशिवायला लागत. टाचण्या दिल्या तरी मी त्यांची रांगोळी केली असती.

माझे मामा बोरिवलीला राहायचे. तेव्हा बोरिवलीत भातशेती होती हे आज मुलांना सांगितलं तर ती म्हणतात, फेकू नका. होती, बाबांनो. मामांचं शेत होतं, कडेला वाडी, वाडीत कौलारू घर, घराला लागून पत्र्याची शेड आणि त्या शेडमध्ये ट्रॅक्टर. करडा, बुटका, लांब नाकाचा. तरुणपणी एका डेअरीच्या लिलावात त्यांनी तो घेतला, तेव्हा त्याला बघायला म्हणे दहिसरहून माणसं आली होती. तो सुरू व्हायचा पेट्रोलवर आणि तापला की चालायचा रॉकेलवर. मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "रेशनचं रॉकेल अर्धं माझ्या स्टोला, अर्धं माझ्या सवतीला."

एका पावसाळ्यात धुराड्यातून पाणी आत गेलं आणि सवत अडकून बसली. इंजिन जाम. मामा भाड्याचे बैल आणून शेत करायला लागले. आणि मग सगळ्या भावांनी मिळून जमीन बिल्डरला द्यायची ठरवली. मामांनीही सही केली, कुरकुर न करता, आणि त्या वर्षी भात लावलाच नाही. मला वाटलं, विषय संपला. एका रविवारी गेलो तर मामा बनियनवर, कोपरापर्यंत काळे, आणि ट्रॅक्टरचं नाक उघडं.

"मामा, हे काय?"

"इंजिन खोलतोय."

"अहो पण शेत तर विकलंत ना?"

"ताबा दसरा झाला की सोमवारी. तोवर माझंच आहे. एकदा उभं-आडवं नांगरून देणार."

ओसरीवरून मामी म्हणाली, "नांगरून देणार म्हणे! बिल्डर काय भात लावणार आहे?"

"त्याला काय लावायचं ते लावू दे. शेवटचा नांगर भाड्याच्या बैलाचा नाही फिरणार माझ्या शेतात."

यावर मामी काही बोलली नाही. मामी गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे आमच्या घराण्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी त्या दिवसापासून मदतीला लागलो. मदत म्हणजे काय? धुणं, पुसणं, पाना देणं आणि बोलणं. मुख्यतः बोलणं. मामा काम करायचे आणि मी त्यांना आमच्या साहेबाची नक्कल करून दाखवायचो. गंजलेले पिस्टन रॉकेलमध्ये भिजवून, खाली लाकडी ठोकळा लावून त्यांनी एकेक बाहेर काढला. कुर्ल्याच्या भंगार बाजारात आम्ही दोघं पिस्टनच्या रिंगा शोधत फिरलो. इंजिनचं हेड, म्हणजे वरचं जड लोखंडी झाकण, घाटकोपरच्या एका वर्कशॉपमधून घासून आणलं, ते मी बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं तिकीट कोण काढणार?" मी म्हटलं, "पाच वर्षांखालचं आहे."

सगळ्यात वेळखाऊ काम होतं व्हॉल्व्हचं. आठ व्हॉल्व्ह, चार मोठे, चार लहान. लांब दांड्याच्या छत्रीसारखी वस्तू. तिची कड हेडमधल्या आपल्या बैठकीवर इतकी तंतोतंत बसावी लागते की हवासुद्धा निसटता कामा नये. त्यासाठी कडेला खरखरीत लेप लावायचा, व्हॉल्व्ह बैठकीत ठेवायचा आणि वर रबराची वाटी चिकटवलेली काठी दोन तळव्यांत धरून घुसळायचं. ताक घुसळतात तसं. मामा महिनाभर रोज संध्याकाळी ताक घुसळत होते. त्यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजलेला असायचा. मामी त्यावर हळद-मीठ लावायची आणि ते धुऊन पुन्हा बसायचे. एकेक व्हॉल्व्ह पुरा झाला की तेलाचा हात देऊन आठ भोकांच्या एका फळीत आपापल्या जागी उभा करायचे. कारण ज्या बैठकीवर जो घासला तो तिथेच बसणार. दुसऱ्याच्या जागी चालत नाही. हे मामांनी मला सांगितलं होतं. एकदा नाही, अनेकदा. मी प्रत्येक वेळी "हो हो" म्हटलं होतं.

खंडेनवमी आली. घासणं पुरं झालेलं. मामांचा बेत पक्का होता. आज हत्यारांची पूजा, उद्या दसऱ्याला पूजा उतरली की इंजिन बांधायला घ्यायचं, रविवारी नांगरायचं आणि सोमवारी ताबा द्यायचा. सकाळी ते झेंडू आणायला बाजारात गेले. मी आदल्या दिवसापासून मुक्कामाला होतो.

मामी म्हणाली, "अरे मखरवाल्या, नुसता काय बसलायस? शेडमधलं आवर, पूजा मांड. जरा नीट दिसू दे यंदा. पुढल्या वर्षी कुठे असणार हे सगळं."

आता मला सांगा, माझ्यासारख्याला यापेक्षा जास्त काय हवं?

मी पाटावर मामीचं हिरवं लुगडं अंथरलं. पाने लहान-मोठे करून मोराच्या पिसाऱ्यासारखे लावले. चारी पिस्टन खांबांसारखे उभे केले आणि त्यांच्यावर जानव्यासारख्या रिंगा घातल्या. मध्ये कलश, त्यावर नारळ. पण कलशाभोवती काहीतरी पाहिजे होतं. आणि माझी नजर फळीवर गेली. आठ व्हॉल्व्ह. अहो, आठ पाकळ्या! तेलाने ते जरा मळकट दिसत होते, म्हणून मी ते रॉकेलने धुतले, मऊ फडक्याने कोरडे केले, आणि एक मोठा, एक लहान, एक मोठा, एक लहान असं कलशाभोवती कमळ मांडलं. घासलेल्या कडा चांदीसारख्या चकाकत होत्या. प्रत्येकावर ओल्या हळद-कुंकवाचं बोट. मामा आले तेव्हा मी एखाद्या नाटकाचा पडदा उघडावा तसा शेडचा पत्रा बाजूला केला.

मामांनी पाहिलं. मग त्यांनी फळीकडे पाहिलं. आठ रिकामी भोकं.

फळीबद्दलचं त्यांचं सांगणं मला आठवलं ते त्या क्षणी. तोंडावर मात्र हसू तसंच राहिलं, कारण पडदा उघडताना ते मी लावूनच ठेवलं होतं.

मामांनी झेंडूची पिशवी खाली ठेवली, हातपाय धुतले, पूजेला बसले. नारळ फोडला. त्याचं पाणी सगळ्या हत्यारांवर शिंपडायची त्यांच्या घरची पद्धत. ते त्यांनी शिंपडलं. कमळावरही.

आरती झाल्यावर मी हळूच म्हटलं, "मामा, तेवढे आठ उचलून पुसू का? तेल लावून परत ठेवतो."

त्यांच्याआधी मामीच म्हणाली, "खुळा की काय! उद्या पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नाही."

"पण मामी, पाण्याने..."

"आज त्यांचा दिवस आहे," मामा म्हणाले. "राहू दे."

आणि मग शेजारपाजार लोटला. मामीनेच बोलावलं सगळ्यांना. वा काय आरास, झकास, डोकं लागतं याला, असं एकेक जण म्हणत होता. एक काका तर पुन्हा घरी जाऊन आपल्या सुनांना घेऊन आले. जन्मात एवढी वाहवा मला कधी मिळाली नव्हती. प्रत्येक "वा" बरोबर मी लहान होत होतो. मामा दाराशी स्टुलावर बसून आल्यागेल्याला प्रसाद देत होते आणि सांगत होते, "भाच्याने केलंय." चेहऱ्यावर राग नाही. टोमणा नाही. एक शिवी दिली असती तरी मी त्यांचे पाय धरले असते. पण ते साखर-खोबरं वाटत होते.

दुपारी मामी माझ्या शेजारी येऊन बसली. तिने फळी पाहिली होती.

"उलटसुलट झालं ना रे ते?"

"झालं."

"आणि गंजणार."

"हो."

"मेल्या," ती म्हणाली, आणि मला आणखी एक पुरणपोळी वाढली. आमच्याकडे शिक्षा अशीच देतात.

दसऱ्याला पूजा उतरली. आठही कडांवर बारीक तांबडे ठिपके आले होते, मुलांच्या अंगावर गोवर उठतो तसे. कुठला कुठे घासलेला, ते कळायला काही मार्ग नाही. मामांनी एकेक बैठकीत ठेवून पाहिला, वर पेट्रोल ओतलं. सगळीकडून झिरपलं. मी आपट्याची पानं त्यांच्या हातात दिली.

"सोनं घ्या, मामा."

"दे. आणि बैस घासायला."

कंपनीत माझ्या काकीला देवाज्ञा झाली असं कळवलं. काकी मला नव्हतीच, त्यामुळे कुणाचं वाईट झालं नाही. आणि मी घासायला बसलो. मामांना काठीला हात लावू दिला नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. मामा शेजारी डोळे मिटून बसायचे आणि आवाज ऐकायचे. "अजून खरखरतोय. घास." बराच वेळ गेला की, "आता ठीक. पुढचा." मी नकला केल्या नाहीत. सुचल्याच नाहीत. शनिवारी चार झाले. रविवारी, म्हणजे ज्या दिवशी शेतात ट्रॅक्टर फिरायचा होता त्या दिवशी, मी सहाव्या व्हॉल्व्हवर होतो आणि शेडच्या फटीतून शेत दिसत होतं. जमीन इतकी तयार होती, ना कोरडी ना ओली. मामा तिकडे पाठ करून बसले होते. मुद्दाम.

सोमवारी सकाळी कंत्राटदाराची माणसं आली. त्यांनी लोखंडी अँगल रोवले, तार ओढली. मुकादमाला मी गाठलं, सिगारेट पाजली, मामांचं वय दहा वर्षांनी वाढवलं, डोळ्यांत पाणी आणलं. खरंच आणलं, खोटं नव्हतं ते. तो म्हणाला, "भाऊ, मला काय, दोन दिवस मी तार वर करून देतो. पण मुरमाचे ट्रक निघालेत, ते कोण थांबवणार?"

ट्रक दुपारीच आले. एकामागून एक मुरूम ओतत गेले.

मंगळवारी इंजिन बांधून पुरं झालं. मामांनी पेट्रोल सोडलं, मी हँडल मारलं. पहिल्यांदा नुसता फुस्स. दुसऱ्यांदा एक खोकला. तिसऱ्यांदा हँडल माझ्या हाताला झटका देऊन निसटलं आणि ट्रॅक्टर बोलायला लागला. निळा धूर, पत्र्याची शेड थरथरतेय, मामी कानांवर हात ठेवून हसतेय. आठही व्हॉल्व्ह कसे टाळ वाजवावे तसे वाजत होते. मामांनी कान लावला, मान डोलवली. माझ्याकडे बघून नाही, इंजिनाकडे बघून.

मग ते चढून बसले आणि ट्रॅक्टर बाहेर काढला. मागे नांगर. तारेपाशी जाऊन थांबले. पलीकडे शेताच्या जागी लाल मुरमाचे ढीग, वर दोन कुत्री बसलेली. इंजिन चालू ठेवून ते तिकडे पाहत राहिले. मी चाकापाशी उभा होतो. आवाजामुळे ओरडावं लागलं, त्यामुळे इतके दिवस जे पुटपुटत होतो ते सगळ्या बोरिवलीला ऐकू जाईल असं बाहेर पडलं.

"मामा, माझ्यामुळे झालं हे!"

"हो," मामा वरून ओरडले, "तुझ्यामुळेच!"

इतके दिवस मी त्या वाक्याची वाट बघत होतो. वाटलं होतं, ऐकलं की हलकं वाटेल. नाही वाटलं. ते खरं होतं, एवढंच.

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. तारेच्या अलीकडे, घराच्या मागे, न्हाणीचं पाणी जायचं तिथे एक पट्टा उरला होता. एखाद्या खोलीएवढा. मामीची भेंडी होती त्यात. त्यांनी ट्रॅक्टर तिकडे वळवला.

"अहो, माझी भेंडी!" मामी धावली.

"काढून घे, मी थांबतो."

मामीने हाताला लागली तेवढी भेंडी ओच्यात तोडली, मी रोपं उपटली. मामांनी नांगर खाली सोडला. फाळ आत गेला, काळी माती उलटली. दहा-बारा पावलांत पट्टा संपला. नांगर वर, ट्रॅक्टर मागे, पुन्हा नांगर खाली. न्हाणीच्या भिंतीला घासेल इतक्या जवळून. उभं झालं, मग आडवं, तसूभरही न सोडता. मी मागे चालत ढेकळांतले दगड वेचत होतो. फोड फुटलेल्या तळव्यांत माती जात होती, झोंबत होती, आणि मी हात झटकत नव्हतो.